चौदाव्या प्रश्नाची कॉपी

बाजारात तिचं नाव प्रश्नबाई. तोंडावर कोणी तसं म्हणायचं नाही, तोंडावर नुसतं ‘बाई’. पण ती कोपऱ्यावर दिसली की शिंपी गल्लीभर आवाज द्यायचा, “प्रश्नबाई आल्या हो!” आणि निम्मा बाजार असा काही कामात बुडायचा, की बघणाऱ्याला वाटावं उद्यापासून दुकानं कायमची बंद होणार आहेत.

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! दहा महिन्यांपूर्वी भर सकाळी या बाजारात बॉम्ब फुटला. सात माणसं गेली. शिंप्याच्या शेजारची लेसवाली काकू त्यात गेली, आणि शिंप्याच्या डाव्या खांद्यात घुसलेली काच काढायला डॉक्टरांना दोनदा हात घालावा लागला. मग पोलीस आले, मग वर्तमानपत्रवाले आले, आणि ते गेल्यावर अभ्यासकांची रीघ लागली. प्रत्येकाच्या हातात पॅड, प्रत्येकाचा एकच प्रश्न: एक ते पाचमध्ये तुमची भीती किती? भीती म्हणजे काय चपलेचा नंबर आहे? शिंप्याने एकाला विचारलं, “साडेतीन चालेल का?” त्या पठ्ठ्याने खरंच साडेतीन लिहून घेतलं.

प्रश्नबाई कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची, तेही वर्षावर्षाच्या करारावर. चाळिशीची, चष्मा नाकाच्या टोकावर, पिशवीत नेहमी जास्तीची दोन पेनं. पहिल्याच दिवशी ती शिंप्याला म्हणाली, “मला त्या दिवसाचं काही विचारायचं नाही. त्याच्यानंतरच्या दिवसांचं विचारायचंय. कोण कोणाशी बोलतं, कोणाचं बोलणं तुटलं, अडीनडीला कोण कोणाकडे जातं. दर महिन्याला येईन, दोन वर्षं.”

शिंप्याने मशीन थांबवलं. “दोन वर्षं? बाई, इथला आजवरचा विक्रम दोन दिवसांचा आहे.”

“शब्द देते.”

शब्द द्यायला काय जातं हो! उचलली जीभ, लावली टाळ्याला. दोन वर्षांच्या अभ्यासाला पैसा लागतो आणि तो बाईकडे नव्हता. अशा हल्ल्यानंतर माणसांचं पुढे काय होतं, याच्या अभ्यासाला निधी देणारी एक संस्था होती. तिचा नियम असा की आधी साठ फॉर्म भरून आणा, तुमचे प्रश्न कामाचे आहेत हे दाखवा, मग समिती मुलाखत घेईल. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तसं. निधी मिळाला तर दोन वर्षं बाजार. नाही मिळाला, तर बाईसुद्धा त्या दोन दिवसवाल्यांच्याच माळेतला मणी. एकवेळ कॉलेजचा करार गेला असता तरी तिने चार शिकवण्या धरून दिवस काढले असते. पण दिलेला शब्द मोडून शिंप्याच्या दुकानावरून मान खाली घालून जायचं, हे काही तिला झेपणारं नव्हतं.

बाजारातल्या दुकानांना नंबर होते. बाईने नावं न विचारता नुसते नंबर घालून साठ फॉर्म वाटले. गिऱ्हाइकांच्या गर्दीत एकेकाला धरून बसवायचं तिच्या जिवावर आलं. म्हणाली, “सवडीने भरा, आठ दिवसांनी न्यायला येते.” आणि इथेच माशी शिंकली.

आठव्या दिवशी साठच्या साठ फॉर्म तयार! कोरा एक नाही, फाटका एक नाही, शिंप्याच्या टेबलावर दोऱ्याने बांधून ठेवलेला गठ्ठा. त्या पेशातल्या कोणालाही विचारा, साठ वाटले की चाळीस परत येतात, आणि त्यातल्या दोघांवर चहा सांडलेला असतो. बाईने तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण आनंदात माणसाची अक्कल थोडी रजेवर जातेच. ती गठ्ठा छातीशी धरून घरी आली, तो जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि चहाचं आधण टाकायला आत गेली.

टेबलापाशी तिचे वडील बसले होते. निवृत्त मुख्याध्यापक. शाळेतली मुलं त्यांना ‘घार’ म्हणायची, आणि ते त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. चाळीस वर्षांत त्यांच्या वर्गातून एकही चिठ्ठी सुटली नव्हती. समोर लिहिलेले कागद दिसले की म्हाताऱ्याचा हात आपसूक लाल पेनाकडे जायचा.

“ठमे!” त्यांनी बाहेरून हाक मारली. घरात ती ठमी, मग कॉलेजात काही का असेना. “हे काय आणलंस?”

“फॉर्म आहेत बाबा. खुणा करू नका त्यांच्यावर!”

“खुणा कसल्या करतोय? सामुदायिक कॉपी आहे ही. साठ जणांची!”

बाई गाळणं हातात घेऊनच बाहेर आली. “काहीतरीच काय! मोठी माणसं आहेत ती, दुकानदार आहेत. कॉपी कशाला करतील?”

“बरोबर उत्तरं सारखी आली तर तो अभ्यास. चुका सारख्या आल्या तर ती कॉपी. चौदावा प्रश्न वाच.”

चौदावा प्रश्न होता, ‘झोप कशी लागते?’ बाईने पहिला फॉर्म उघडला. ‘लागते, पण डाव्या कुशीवर नाही.’ दुसरा उघडला. ‘लागते, पण डाव्या कुशीवर नाही.’ तिसरा, आठवा, तिसावा. अख्ख्या बाजाराला डाव्या कुशीवर झोप लागत नव्हती!

“डाव्या बाजूला दुखापत कोणाला झाली होती?” बाबांनी विचारलं.

“शिंप्याला,” बाई म्हणाली.

“मग मूळ पेपर त्याचा. आणि हे रत्न बघ, दुकान नंबर नऊ. काय विकतात तिथे?”

“घड्याळं दुरुस्त करतात.”

“व्यवसाय लिहिलाय शिवणकाम. प्रत्येक वर्गात एक असतोच असा, शेजाऱ्याचा परीक्षा क्रमांकसुद्धा उतरवून काढणारा.” बाबांना हसू आवरेना. बाई मात्र कपाळाला हात लावून मटकन खाली बसली. परवा मुलाखत होती. साठ नवे फॉर्म आणायचे तर ती काय जादूची कांडी फिरवणार होती?

“बुडाले मी, बाबा.”

“बुडणारच. प्रश्नपत्रिका वर्गात ठेवून परीक्षक घरी गेला, तर मुलं काय हाताची घडी घालून बसतील?” असं बोलले खरे, पण मुलीचा चेहरा बघून म्हातारा विरघळला. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढून त्यांनी उलटं पसरलं. “रडू नकोस. बाजाराचा नकाशा काढ इथे, दुकानांचे नंबर घालून. कॉपीची केस धरली की मी आधी बसण्याचा नकाशा करायचो. कोणी कोणाचं बघितलं ते चुकाच सांगतात. चूक एका पेपरातून दुसऱ्यात जाताना शेपूट घेऊन जाते.”

“शेपूट म्हणजे?”

“म्हणजे हा एकोणीस नंबर बघ. ‘लागते, पण डाव्या कुशीवर नाही, शिवाय सुनेचं बाळ रडतं.’”

“चष्मेवाला आहे तो. त्याच्याकडे नातू झालाय.”

“झालं ना! कूस शिंप्याची, बाळ याचं. आता ज्याच्या ज्याच्या पेपरात बाळ रडेल, तो चष्मेवाल्याच्या शेजारी बसला होता.”

बापलेक कामाला लागले. चहा गार झाला, पुन्हा केला, पुन्हा गार झाला. बाई वाचत होती, बाबा लाल रेघा ओढत होते. एकाने वर पंख्याची कुरकुर जोडली होती, ती पुढे चार जणांकडे पोचली होती. दुसऱ्याने गुडघेदुखी घातली होती, ती पलीकडच्या रांगेत गेली होती. हळूहळू कॅलेंडरच्या पाठीवर शिंप्याच्या दुकानापासून रेघा फुटत गेल्या. बावीस नंबरचा चौकोन तेवढा रिकामा राहिला. तो लेसवाल्या काकूचा. बाबांनी सवयीने त्यात बारीक अक्षरात ‘गैरहजर’ लिहिलं, मग कोण ते कळल्यावर बराच वेळ पेन खाली ठेवलं.

“आता वीस नंबर,” ते शेवटी म्हणाले. “हा कोण?”

“कुलूपवाला. एकटाच राहतो. लग्न नाही, काही नाही.”

“एकटा राहतो? मग याच्या घरी सुनेचं बाळ कुठून रडतंय?”

बाईने फॉर्म हिसकावून घेतला. खरंच लिहिलं होतं, सुनेचं बाळ रडतं. “शक्यच नाही बाबा. कुलूपवाला आणि चष्मेवाला यांच्यात विस्तव जात नाही. अकरा वर्षं! याची पाटी त्याच्या पाटीवर येते यावरून भांडले, ते आजतागायत एकमेकांना पाण्यात बघतात. अख्खा बाजार सांगतो.”

“बाजार काय सांगतो ते मला माहीत नाही,” घारसर म्हणाले. “पेपर सांगतो की हे दोघं मांडीला मांडी लावून बसले होते. आणि पेपर कधी खोटं बोलत नाही.”

बाईने तोच फॉर्म उलटून पाहिला. अकरावा प्रश्न, ‘शेजाऱ्यांशी संबंध कसे?’ उत्तर, ‘सर्वांशी चांगले.’ साठही जणांनी तेच ठोकून दिलं होतं. सरळ विचारलं तर माणूस असंच काहीतरी गुळमुळीत सांगतो. पण कोण कोणाकडे जातं, हेच तर तिला हवं होतं, आणि ते लाल शाईत तिच्यासमोर पसरलेलं होतं!

दुसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नसायच्या वेळेला, ती बाजारात गेली. आज शिंप्याने आवाज दिला नाही. चोराच्या मनात चांदणं! त्याने नुसती मान खाली घालून सुईत दोरा ओवायला घेतला. बाई नेहमीसारखी टेबलापाशी उभी राहिली. दुकानात एक स्टूल होतं, शेजारच्या दुकानातून आणून भिंतीशी सरकवलेलं. त्यावर कोणी बसत नसे.

“काका, डाव्या कुशीवर झोप लागत नाही का?” बाईने विचारलं.

“नाही ना.”

“आणि बाकी एकोणसाठ जणांना?”

शिंप्याचा दोरा सुईतून सुटला. मग त्याने सगळं ओकून टाकलं. “बाई, रागावू नका. पहिल्यांदा एक साहेब आले. भीती वाटते का? मी म्हटलं वाटते. शेजारचा म्हणाला नाही वाटत. साहेब म्हणाले, उत्तरं जुळत नाहीत, परत येतो. पाच वेळा परत आले! नाकी नऊ आणले आमच्या. तेव्हापासून आमचं ठरलंय, उत्तरं जुळवून टाकायची. आणि तुम्ही म्हणालात, फॉर्म नीट भरले तर तुम्हाला निधी मिळेल. आम्हाला वाटलं, बाईंना पास करायचंय. माझं अक्षर बरं, म्हणून मी आधी लिहिला. मग आठ दिवस रोज दुपारी सगळे इथेच. त्या बाकावर चौघं, पायरीवर सहा, जागा नव्हती हो!”

“कुलूपवालेसुद्धा?”

“मी इथेच आहे!” पडद्याआडून आवाज आला, आणि कुलूपवाला आपल्या रुंद मिशीसकट बाहेर आला. त्याच्या मागून चष्मेवाला. दोघं आत काय करत होते, तर शिंप्याचा डबा संपवत होते.

“तुमच्या फॉर्ममध्ये बाळ रडतं असं लिहिलंय,” बाई म्हणाली.

“रडतं म्हणजे काय, गळा काढतं! मी जाऊन ऐकून आलोय. नामकरणाला गेलो होतो.”

“अहो, पण तुमचं भांडण?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चष्मेवाला खांदे उडवून म्हणाला, “त्या दिवशी दोघांच्याही पाट्या पडल्या, बाई. चुरा झाला. पाट्याच उरल्या नाहीत, भांडणार कशावरून? मग नवी टांगताना शिडी याच्याकडे आणि हातोडी माझ्याकडे.”

बाईला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदम. चष्मा काढून पुसायचं निमित्त झालं. मग तिने गठ्ठा टेबलावर ठेवला. “काका, उद्या मुलाखत आहे. हे मी तिथे खरं खरं सांगू का? कॉपी झाली म्हणून? तुमची नावं नाहीत यात, नुसते नंबर आहेत. तुम्ही नको म्हणालात तर नाही सांगणार, फॉर्म परत घेऊन येईन आणि निधीवर पाणी सोडीन.”

कुलूपवाल्याने मिशी चावली. शेवटी शिंपी म्हणाला, “सांगा. पण आम्हाला नापास करू नका.”

मुलाखतीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि टेबलापलीकडे दोघं. एक अध्यक्षबाई, पिकलेल्या केसांच्या, शांत. दुसरे आकडेसाहेब, ज्यांना टक्क्याशिवाय शब्द सुचत नसे. त्यांच्यापुढे बाईने सकाळीच पोचवलेल्या साठ फॉर्मांच्या प्रती होत्या आणि भुवया आधीच कपाळात गेलेल्या होत्या.

“बाई,” आकडेसाहेबांनी सुरुवात केली, “शंभर टक्के लोकांची एकाच कुशीवर झोपमोड? मी तीस वर्षं आकडे बघतोय. असं होत नसतं. हे फॉर्म तुम्ही घरी बसून भरलेत का?”

तिची पाचावर धारण बसली. एक क्षण वाटलं, उठावं आणि चालू लागावं. पण शिंप्याचं ‘सांगा’ कानात होतं. “मी नाही भरले. त्यांनीच भरलेत, एकमेकांचं बघून. साठही फॉर्म कॉपी आहेत, आणि चूक माझी. मी फॉर्म ठेवून निघून आले.”

“म्हणजे कचरा,” आकडेसाहेबांनी गठ्ठा बाजूला सारला.

“एक मिनिट थांबा,” बाई म्हणाली, आणि पिशवीतून कॅलेंडर काढून टेबलभर उलगडलं. वरच्या कोपऱ्यात कागदाच्या आरपार गेल्या वर्षीचा डिसेंबर पालथा दिसत होता, त्याची तिला लाज वाटायलाही सवड नव्हती. “ही रेघ सुनेच्या बाळाची. ही पंख्याची. ही गुडघ्याची. कोणी कोणाचं बघून लिहिलं ते चुकांवरून काढलंय. मी सरळ विचारलं, शेजाऱ्यांशी संबंध कसे, तर साठ वेळा ‘चांगले’ आलं. त्या उत्तराची किंमत शून्य. आणि हे त्यांनी न विचारता सांगितलंय. अकरा वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एका बाकावर बसून एकमेकांचा फॉर्म उतरवतायत. दहा महिन्यांपूर्वी ज्या बाजारात बॉम्ब फुटला, तिथली माणसं रोज दुपारी एका जखमी माणसाच्या दुकानात गोळा होतायत. का, तर एका परक्या बाईला पास करायला! मला हेच शोधायचं होतं, साहेब. फक्त माझे प्रश्न तिथवर पोचत नव्हते.”

आकडेसाहेब कॅलेंडरवर वाकले. मग आणखी वाकले. मग उठून टेबलाला वळसा घालून बाईच्या बाजूला आले आणि बाळाच्या रेघेवर बोट ठेवून पुटपुटले, “एकोणीसवरून वीस, वीसवरून तेरा... ही रेघ रस्ता ओलांडून जाते!” त्यांचा आवाजच बदलला होता. “ही पद्धत कोणाची?”

“माझ्या वडिलांची. मुख्याध्यापक होते. कॉप्या पकडायचे.”

“आणि हा बावीस नंबर? रेघच नाही.”

“त्या लेसवाल्या काकू,” बाई म्हणाली. “त्या गेल्या.”

आकडेसाहेबांनी बोट हळूच उचललं. अध्यक्षबाई इतका वेळ बोलल्या नव्हत्या. आता त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, “निधी देऊ या. पण एक अट. एक फॉर्म एकेकट्याचा, तुम्ही समोर बसून. आणि दुसरा सगळ्यांनी जसे बसतात तसे बसून.”

“आणि कॉपी करू द्या त्यांना!” आकडेसाहेब मध्येच ओरडले. “फक्त कोण कोणाची करतो ते टिपून ठेवा. वडिलांना घेऊन जा!”

पुढच्या आठवड्यात बापलेक बाजारात पोचले, तेव्हा शिंप्याने असा काही आवाज दिला की पलीकडच्या गल्लीतली कबुतरं उडाली. “प्रश्नबाई पास!” आज कोणी कामात बुडालं नाही. बाक भरला, पायरी भरली, घड्याळवाला खिडकीच्या कठड्यावर चढून बसला. बाईने फॉर्म वाटले. बाबा हातात वही घेऊन दाराशी उभे राहिले. जन्मभर जे पकडलं ते आता नुसतं मोजायचं होतं, आणि ते काही त्यांच्या पचनी पडत नव्हतं. कोणाची मान वाकडी झाली की त्यांच्या तोंडून ‘ए!’ निघायचं आणि लगेच ते ओठ मिटायचे.

शिंप्याने भराभर लिहिलं आणि चौदाव्या प्रश्नापाशी थांबला. पेनाचं टोपण चावत त्याने शेजारी बसलेल्या कुलूपवाल्याच्या कागदाकडे तिरकं बघितलं.

“चौदाव्याला काय लिहितोस?”

“मी काय लिहिणार? तुझंच की, डावी कूस.”

“माझं जुनं झालं रे. आता दोन्ही कुशींवर लागते, चार दिवस झाले. आता तुझं खरं सांग.”

कुलूपवाला गोरामोरा झाला. “मला होय? मला लागत नव्हती. एकट्या घरात बारीक आवाज झाला तरी उठून बसायचो. आता हा चष्मेवाला जेवायला थांबवून घेतो, तिथेच आडवा होतो. बाळ रडत असलं की कसली भीती वाटत नाही.”

“हेच लिही मग,” शिंपी म्हणाला.

बाबांनी हे सगळं ऐकलं. दोन परीक्षार्थी त्यांच्या डोळ्यांदेखत उघड उघड बोलत होते. चाळीस वर्षांत जे कधी घडलं नव्हतं ते तेव्हा घडलं. घारसरांनी वही मिटली, दोघांकडे पाठ केली आणि रस्त्यावरची गाडी बघत उभे राहिले. गाडी तिथे नव्हतीच.

बाई नेहमीसारखी टेबलापाशी उभी राहून लिहीत होती. शिंप्याने आपला फॉर्म पुरा केला, उठला, आणि भिंतीशी सरकवलेलं लेसवाल्या काकूचं स्टूल ओढून पुढे आणलं. बाकावरची पेनं थांबली. त्याने खांद्यावरच्या फडक्याने ते दोनदा पुसलं.

“दोन वर्षं उभ्याने काढणार का, बाई?” तो म्हणाला. “बसा.”

बाईने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा स्टुलाकडे, आणि ती बसली.